पॉवरहाऊसचं पाणी

आमच्या गावात कुणी नदीला पाणी आलंय म्हणून सांगत आलं, की मी पहिल्यांदा विचारते, किती वेळ राहणार? लोक हसतात. म्हणतात, वहिनींना कशाचं म्हणून कौतुक नाही. नाहीच मुळी. नदीचं कौतुक करून करून माझे सासरे थकले आणि त्यांचं बघून मी थकले. आता ते सगळं सांगायचं म्हटलं तरी जिवावर येतं, पण हल्लीच्या सुना विचारतात, इथं पूर्वी पानमळा होता म्हणे, त्याचं काय झालं? मग सांगावं लागतं.

मी कोडोलीकडची. माहेरी विहीर होती. विहिरीत पाणी असलं तर असायचं, नसलं तर नसायचं, त्यात समजून घेण्यासारखं काही नव्हतं. लग्न होऊन इकडं नदीकाठी आले तेव्हा नव्वद साल नुकतंच मागं पडलेलं. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच वारलेल्या. घरात सासरे, आमचे हे आणि मी. हे कोल्हापुरात फौंड्रीत कामाला होते, डबा घेऊन जायचे ते एकदम दिवस मावळताना उगवायचे. म्हणजे दिवसभर बोलायला सासरेच. त्यांना मी मामंजी म्हणायचे. माणूस तोंडानं भलता फटकळ. पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, भाकरी थापतीस का धोपटतीस? मी म्हटलं, खाऊन बघा, मग बोला. खाल्ली आणि काही बोलले नाहीत. तेव्हापासून आमचं जमलं.

तर पानमळा मामंजींचा. विड्याच्या पानांचा. सगळं गाव उसाच्या मागं लागलेलं. ऊस बरा, लावला की कारखाना तोडून नेतो, आपण मिशीला पीळ देत पारावर बसायचं. पानमळ्याला असं चालत नाही. शेवरीची सरळसोट झाडं ओळीनं लावायची, त्यांच्यावर नागवेली चढवायच्या, लव्हाळ्यानं बांधायच्या, पानं खुडायची, आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे पाणी. वेलीची मुळं वरच्यावर असतात. ऊस आठ-दहा दिवस तहान मारून उभा राहतो, वेल दोन-तीन दिवसांत मान टाकते. चपला बाहेर काढूनच आत जायचं. भर उन्हाळ्यात बाहेर कपाळ फुटायची वेळ आली तरी आत गारवा. मला लग्नानंतर माहेरची आठवण आली की मी तिथं जाऊन बसायची. मामंजी बघायचे आणि पलीकडच्या ओळीत जाऊन काम करायचे.

त्या वेली त्यांनी आणि सासूबाईंनी मिळून लावलेल्या. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला वेलींची उतरण करावी लागते. म्हणजे शेवरीच्या शेंड्यापर्यंत गेलेली वेल सोडवायची, हळूच खाली घ्यायची, तिचं वेटोळं करून बुंध्याशी मातीत पुरायचं आणि शेंडा तेवढा वर ठेवायचा. पुरलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात आणि वेल पुन्हा वर चढायला लागते. असं केलं की तीच वेल वर्षानुवर्षं चालते. मामंजी एकदा म्हणाले होते, तुझी सासू गेली, तिनं लावलेली वेल न्हाय गेली. एवढंच. पण त्यांना त्या मळ्याचं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. त्यांचा जीव त्या मळ्यात होता, आणि मळ्याचा जीव पाण्यात.

पाणी नदीचं. नदी वर गगनबावड्याच्या अंगाच्या डोंगरातून येते, आणि तिकडं धरण आहे, धरणाच्या पायथ्याशी वीज तयार करायचं पॉवरहाऊस आहे. मी आले तेव्हा त्याचं आम्हाला काही वाटत नसे. वरून दिवसभर बेताचं पाणी सोडायचे, शेतीसाठी, आणि जाता जाता त्यावर वीज करून घ्यायचे. गावाच्या खालच्या अंगाला बंधारा आहे. पाऊसकाळ सरला की त्याच्या गाळ्यांतून लाकडी फळ्या घालायच्या, त्यांना बरगे म्हणतात, दोन फळ्यांच्या मध्ये चिखल ठासायचा, की पाणी तुंबून राहायचं. सगळं गाव बरगे घालायला जायचं. चैत्रात पाळी सुटायची, म्हणजे शेतीसाठी जास्तीचं पाणी. ते सुटलं की नदी घाटाच्या वरच्या पायऱ्यांना लागायची आणि आठवडाभर तशीच राहायची. मामंजी त्या पायऱ्या बघून सगळा हिशेब करायचे. कधी उतरण, कधी खत, कधी काय. कॅलेंडर घरात होतं, ते माझ्या दुधाच्या खाड्यांसाठी.

मग हळूहळू बिघडत गेलं. कधी सुरू झालं ते नेमकं मला सांगता येणार नाही. दोन हजार सालाच्या आगंमागं म्हणा. लाइट जायला लागली. लोडशेडिंग हा शब्द गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही पाठ झाला. आणि विजेची मागणी वाढली तसं वरचं पॉवरहाऊस संध्याकाळपुरतं चालायला लागलं, जेव्हा शहरांत सगळीकडं दिवे लागतात तेव्हा. तेवढ्या वेळात धाडकन पाणी सोडायचं आणि मग बंद. ते पाणी रात्रभर वाट चालून सकाळी आमच्या गावाशी यायचं. आणि सकाळी आमच्या शेतीपंपांची लाइट बंद! दुपारी लाइट यायची, तोवर पाणी निघून गेलेलं. बरं, बंधाऱ्यात अडवावं, तर वरचे अधिकारी बरगे घालू देईनात. खाली शहराला प्यायला पाणी पाहिजे, म्हणून सरकारी माणूस येऊन उभा. ज्या पाण्यावर वीज केली ते पाणी आमच्या मोटरीपुढून जातंय आणि मोटरीला वीज नाही. मला पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी एकटीच हसत बसले होते. नंतर नंतर हसूही येईना.

आमच्या घरात तर त्याहून मजा. ह्यांची फौंड्री विजेच्या भट्टीवर. वीज नसली की ह्यांना घरी बसवायचे. वीज असली की ह्यांना काम, पण तोवर पाणी निघून गेलेलं, म्हणजे मामंजींना काही नाही. मामंजी संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणायचे, तुझ्या भट्टीनं माझी नदी प्याली. हे म्हणायचे, मग काय कंदील लावून लोखंड वितळवू? दोघांचं तोंडाला तोंड लागायचं आणि मी मध्ये ताटं मांडायची. कुणाची बाजू घ्यायची? दोघंही खरंच बोलत होते.

तरी मामंजींनी मळा ओढला. फौंड्रीतून आल्यावर हे मोटरीचा पाइप लांबवून द्यायचे. पाण्यात सोडलेल्या पाइपच्या तोंडाला झडप असते, तिला आमच्याकडं सगळे फुटबॉल म्हणतात. तो फुटबॉल आम्ही दरवर्षी थोडा थोडा आत, खोल पाण्याकडं सरकवत नेला. लाइट ज्या वेळी येईल त्या वेळी मामंजी उठून जायचे. म्हातारपणी माणसानं झोपावं, तर हे बॅटरी घेऊन नदीला. मी चिडायची. म्हणायची, ऊस लावा आणि गप पडा. ते नुसते मान हलवायचे.

आणि मग ते वर्ष आलं. फाल्गुन संपत आलेला, ऊन असं की कौलं तडतडत होती. उतरणीची वेळ होऊन गेली होती. मामंजी थांबले होते, कारण उतरण केली की वेल मातीत जाते आणि तिला पाणी लगोलग आणि सारखं लागतं. पाण्याची खात्री असल्याशिवाय उतरणीला हात घालायचा नाही. एका सकाळी ते घाटावरून आले ते निराळेच. नदी वरच्या पायऱ्यांना लागली होती. दुसऱ्या दिवशी तशीच. तिसऱ्या दिवशी तशीच. दुपारीही उतरली नाही. मामंजी जेवताना म्हणाले, पाळी सुटली. किती वर्षांनी त्यांच्या तोंडावर मी तेज बघितलं.

आमची पानं न्यायला कोल्हापूरचे एक तांबोळी चाचा यायचे. मामंजींचे जुने दोस्त, दोघं एकमेकांना शिव्या देऊनच बोलायचे. चाचा गगनबावड्याच्या रस्त्यानं हिंडायचे, सगळीकडची खबर त्यांच्याकडं. त्यांनी चहा पिता पिता सांगितलं, की वर पॉवरहाऊस दिवसरात्र चालू आहे, कुठलं तरी मोठं वीज केंद्र बंद पडलंय म्हणून इथं पाणी सोडलंय, हे शेतीचं पाणी नव्हे. मामंजींनी कप खाली ठेवला. म्हणाले, "नदी मला शिकवतोस व्हय रं? ह्या पायऱ्यांवर मी म्हातारा झालो. तीन दिवस पाणी ठरलं म्हंजे पाळी. पॉवरहाऊसचं पाणी ठरत न्हाय." चाचांनी उरलेला चहा संपवला. खरं सांगायचं तर माझाही मामंजींवरच विश्वास होता. आजवर पायऱ्यांनी त्यांना कधी फसवलं नव्हतं.

कामाला बायका सांगितल्या, दोन दिवसांत सगळा मळा उतरवला. मीही होते. वेल सोडवताना मामंजी कुणाला ओढू देत नव्हते. प्रत्येक वेटोळं स्वतः दाबून बघत होते. मळा एकदम उघडा दिसायला लागला, नुसत्या शेवऱ्या उभ्या. पहिलं पाणी भरपूर दिलं. माती काळीभोर झाली. मामंजी बांधावर बसून बिडी ओढत होते आणि मला म्हणाले, पुढच्या दिवाळीला बघ पानं.

दुसऱ्या दिवशी नदी उतरली. आम्ही म्हटलं, येईल सकाळी. सकाळी आली नाही. त्यानंतरही आली नाही. घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या, मग गोटे, मग शेवाळ वाळून पापडासारखं झालं. आमचा फुटबॉल हवेत लोंबकळायला लागला. चाचा म्हणाले होते तेच खरं होतं. तिकडचं मोठं केंद्र चालू झालं असणार, आमच्या पाण्याची गरज सरली. त्यात धरणातलं पाणी उन्हाळ्याला पुरवायचं म्हणून सोडणंच बंद केलं. गावाच्या नळाला पाणी देणारी नदीकाठची विहीर, जॅकवेल, तीही कोरडी पडली. नळाला नुसती हवा यायची, फुसफुस करत.

मामंजी म्हणाले, वर जाऊन विचारतो. एकट्यांना कसं सोडायचं? मीही निघाले. एसटीनं गेलो, पुढं उन्हातून चालत. पॉवरहाऊसच्या फाटकाशी एक तरुण साहेब भेटला, बोलण्यावरून लांबचा वाटत होता. चांगला होता बिचारा. बसायला खुर्ची दिली, पंखा बंद होता म्हणून माफी मागितली. तिथं, वीज करायच्या जागी, लाइट गेलेली! पलीकडच्या टपरीवाल्यानंच सांगितलं, "पावणं, आमच्याकडं पण लोडशेडिंग हाय की." मामंजींनी साहेबाला सगळं सांगितलं. उतरण म्हणजे काय, वेल कशी पुरतात, आता तिला पाणी का लागतं. साहेबानं ऐकून घेतलं. म्हणाला, आमच्या हातात काही नाही, मुंबईकडून फोन येतो, चालू करा म्हटलं की चालू करायचं, बंद म्हटलं की बंद.

मामंजींनी विचारलं, "फोन करणाऱ्यानं आमची नदी बघितलीया का?"

साहेबानं नदीच्या अंगाला बघितलं. मग म्हणाला, "मीसुद्धा खाली कधी आलेलो नाही, काका."

तिथून धरण दिसत होतं. मागं पाणी चकाकत होतं, एवढं पाणी की बघूनच माझा संताप झाला. मामंजी बघत उभे राहिले. मी हाताला धरून त्यांना एसटीपर्यंत आणलं.

गावात तोवर लोकांनी नदीच्या पात्रात खड्डा खणला होता. पात्रात खड्डा मारला की वाळूतून पाणी झिरपतं, वाटीवाटीनं गोळा होतं. सगळ्या गावाचं पिणं त्या खड्ड्यावर आलं. बायका उन्हात ओळ करून बसायच्या, बूड टेकलं की चटका बसायचा. एकमेकींची उणीदुणी काढायच्या, आणि मग बोलायचाही कंटाळा यायचा. मी बसायची. एक घागर घरी न्यायची आणि पुन्हा येऊन ओळीत बसायची. दुसरी घागर मी मळ्यात नेत होते. प्रत्येक बुंध्याशी तांब्या तांब्या. मामंजी माती उकरून वेटोळं बघायचे. पेरं अजून हिरवी होती. काही ठिकाणी पांढरं मूळ टोचून बाहेर आलेलं. ते मला दाखवायचे आणि पुन्हा माती सारखी करायचे. वाचेल, असं मला मनापासून वाटत होतं. मला तो मळा वाचवायचाच होता. माहेरपण होतं ते माझं.

कधी ना कधी कुणाच्या तरी डोळ्यावर येणारच होतं. पुढच्या आळीतली एक बाळंतीण, तिची आई ओळीत माझ्या मागं होती. मी दुसऱ्यांदा घागर बुडवली तशी ती म्हणाली, "माझ्या लेकीच्या पोराचं दुपटं धुवायला पाणी न्हाय, आणि तू पानाच्या वेलीला घालतीस व्हय?" ओरडली नाही. ओरडली असती तर मी दोन शब्द सुनावले असते. मी घागर उचलली आणि चालायला लागले. पाय रेतीत रुतत होते, तोंडाला घाम, रडू, सगळं एकच.

मळ्याच्या वाटेवर मामंजी उभे. ती ओरडली नव्हती, तरी त्यांनी काठावरून ऐकलं होतं की काय, कोण जाणे. माझ्या डोक्यावरची घागर त्यांनी उतरवून घेतली आणि मळ्याकडं न जाता उलटे खड्ड्याकडं निघाले. मी मागून म्हटलं, मामंजी, एवढी घाला, पांढरी मुळं फुटल्यात की. ते थांबले नाहीत. त्या बाईपाशी गेले आणि तिच्या हंड्यात घागर उपडी केली. मग मला म्हणाले, "माणसाच्या तोंडचं पाणी न्हाय घालायचं वेलीला. तुझी सासू असती तर तिनं बी न्हाय घातलं असतं."

त्यानंतर ते मळ्याकडं गेले नाहीत. ओट्यावर बसून राहायचे. संध्याकाळी फौंड्रीतून हे आले की बाप-लेक एकमेकांकडं बघायचे नाहीत. एकदा ह्यांनी टँकर आणतो म्हटलं. मामंजी म्हणाले, टँकर गावाला आण. मी एकटी चोरून मळ्यात जाऊन आले. माती भेगाळली होती. एक वेटोळं उकरून बघितलं तर हातात काळा चुरा आला. मी ते तसंच झाकलं, घरी आले आणि मामंजींना काही सांगितलं नाही.

आणि मग, कुठं वीज कमी पडली कोण जाणे, एका सकाळी नदीला पाणी आलं. बायका कालवा करत पळाल्या. खड्डा बुडाला, गोटे बुडाले, पाणी पायऱ्या चढत चढत वर आलं. गढूळ नाही, स्वच्छ, गार पाणी. मी हंडा घेऊन गेले तर मामंजी माझ्या आधी घाटावर उभे होते. इतकी माणसं होती, कुणी पाण्यात उतरलेलं, कुणी म्हशी घातलेल्या, आणि हे कडेला एकटेच, हात मागं बांधून. मी जवळ गेले तेव्हा ते पाण्याकडं बघून म्हणाले, "आता कशाला आलीस बाई?"

पण घरात घोटभर पाणी नव्हतं, मी तरी काय करणार? वाकून हंडा भरला. उठले तर मामंजींनी ओंजळ पुढं केलेली. मी पाणी ओतलं. ते प्याले. पुन्हा ओंजळ धरली, पुन्हा प्याले. किती दिवसांची तहान होती त्या माणसाला! मिशा पुसल्या आणि म्हणाले, "कुऱ्हाड काढून ठेव, पोरी. शेवऱ्या तोडायच्या हायत."